पाणी काढा, मावशी आल्या

सकाळी सव्वानऊला बेल वाजते. एकदाच, पण लांबलचक. घरातली मंडळी दचकून आपापल्या कामाला लागतात. आजी तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायला धावते. बाबा चालू मीटिंगमध्ये आपला माइक बंद करतो. बाळाची आई दार उघडून तोंडावर बोट ठेवते आणि कुजबुजते, "आत्ताच झोपलंय हो. रात्रभर जागं होतं." मावशी चपला काढता काढता, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "पाणी काढलं का?"

बाळाच्या झोपेचा आणि मावशींच्या वेळेचा काही संबंध नसतो. त्यांना पुढे अजून चार घरं असतात आणि त्यातल्या एका घरी जुळी. शिवाय बाळं काय, दिवसभर झोपतातच, असं त्यांचं मत. रात्री त्या कधी या घरी राहिलेल्या नसतात.

बाळंतपण झालेल्या मराठी घरात सव्वा महिना तरी या मावशींचं राज्य असतं. आजी तब्येतीने नाजूक आणि बाबाचा पगार बरा असेल तर ते सहा महिन्यांपर्यंत लांबतं. त्यांचं नाव सहसा कुणालाच ठाऊक नसतं. आईच्या फोनमध्ये त्या 'मालिश मावशी' असतात, आजीच्या डायरीत 'न्हाऊ घालणाऱ्या बाई', आणि बाबाने घाईघाईत नंबर घेतलेला असल्यामुळे त्याच्या फोनमध्ये 'बाळ आंघोळ'. ऐन मीटिंगमध्ये त्याच्या स्क्रीनवर 'बाळ आंघोळ' अशी अक्षरं झळकतात आणि सगळं ऑफिस ती वाचतं. मावशी मात्र सगळ्यांना नावानिशी आणि अंगाखांद्यानिशी ओळखून असतात. "ते कोपऱ्यावरच्या बँकेतले साहेब माहितीयेत ना? पायावर घेतलंय मी त्यांना. रोज भिजवायचे मला." साहेब आता लोकांची गृहकर्जं मंजूर करतात. मावशी समोरून येताना दिसल्या की ते फूटपाथ बदलतात.

पहिल्या दिवशी मावशी घराची तपासणी करतात. तेल बघतात, वास घेतात. टॉवेल चिमटीत धरून "नवाय, टोचंल" असं म्हणून नापास करतात आणि आजोबांचं जुनं धोतर मागतात. आजोबा पँट घालतात हे कळल्यावर त्यांच्या नजरेतून घर थोडं उतरतं. मग त्यांना बाथरूममध्ये टब दिसतो. हा बाबाच्या ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढून दिलेला असतो. आकाशी रंगाचा, आत जाळीची झोळी, सोबत पाण्यावर तरंगणारं आणि पाण्याचं तापमान सांगणारं पिवळं बदक. बाबाने त्याचं माहितीपत्रक दोनदा वाचलेलं असतं. पाणी ३७ अंशांच्या आसपास असावं, हे त्याला पाठ झालेलं असतं. मावशी टब उचलतात, उलटासुलटा करून बघतात आणि म्हणतात, "बरं झालं. ओले कपडे टाकायला काहीतरी लागतंच." त्या दिवसापासून टबात लंगोट पडतात. बदक काही दिवस खिडकीत बसून राहतं. पुढे ते शेजारच्या मुलीला दिलं जातं.

बाबा तरीही पाण्याबद्दल बोलून बघतो. "मावशी, फार गरम नाही ना?" मावशी बादलीत हात घालतात, ढवळतात आणि सांगतात, "कोमटाय." बाबा बोट घालतो आणि ओरडतो. मावशी खोटं बोलत नसतात. ज्या हाताने आयुष्यभर चुलीवरची भगुणी उतरवली, त्या हाताला ते पाणी खरोखरच कोमट लागतं. म्हणून या एका बाबतीत मावशींचा हात प्रमाण मानू नये. बाळाच्या आईने आपलं कोपर पाण्यात बुडवावं. कोपराची कातडी नाजूक असते, तिला चटका लगेच कळतो. कोपराला सुखावेल ते पाणी बाळाला चालतं. बदकाचीही गरज पडत नाही, हे मावशींचं म्हणणं मग आपोआपच खरं ठरतं.

आता प्रत्यक्ष न्हाणं. हे जवळून बघण्यासारखं असतं, पण मावशी फार जवळ येऊ देत नाहीत. "उजेड अडवू नका" म्हणतात. पिशवीतला जुना गाऊन त्या साडीवर चढवतात. पाट भिंतीला लावतात, पाठ टेकून बसतात आणि दोन्ही पाय जुळवून लांब सोडतात. नडग्यांच्या मधोमध जी पन्हळ तयार होते, ती बाळाची जागा. बाळाचं डोकं मावशींच्या पावलांकडे, पाय मावशींकडे. म्हणजे दोघं समोरासमोर. टबवाल्या कंपन्यांना जे अजून साधलेलं नाही ते इथे साधतं: बाळ घसरत नाही, पाणी साचत नाही, आणि न्हाऊ घालणारीचे दोन्ही हात मोकळे राहतात. टबात एक हात बाळाच्या मानेखाली अडकून पडतो आणि उरलेल्या एका हाताने साबण, मग, नळ आणि स्वतःचा चष्मा सांभाळावा लागतो.

कोमट तेलाचे हात छातीवरून खांद्यांकडे जातात. मग बाळाच्या दोन्ही हातांची घडी, मग उजवा हात डाव्या पायाला, डावा उजव्याला. तळपायावर अंगठा गोल फिरतो आणि तिथे बाळाची बोटं फाकतात. हे दर वेळी होतं आणि दर वेळी आजी "बघा बघा" म्हणते. त्यानंतर मावशी पोळी उलटावी तितक्या सहज बाळाला पालथं घालतात. बाळ मान उचलायची खटपट करतं. अलीकडे बालरोगतज्ज्ञ जागेपणी रोज थोडा वेळ बाळाला पोटावर ठेवायला सांगतात, त्याने मान आणि खांदे बळकट होतात म्हणून. आयांच्या व्हॉट्सअॅप गटांवर त्याला 'टमी टाइम' म्हणतात आणि त्यासाठी खास चटई मिळते. मावशींकडे ते तेलाच्याच पैशात होऊन जातं.

पाणी आधी पायांवर पडतं, मग पोटावर, मग पाठीवर, आणि डोक्यावर सगळ्यात शेवटी. कपाळावर तळव्याची पडवी धरून. डोक्यावर आधी पाणी ओतलं की बाळ घाबरतं आणि पुढची सगळी आंघोळ रडण्यात जाते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आणि हे सगळं चालू असताना मावशींचं तोंड एक क्षण थांबत नाही. "काय रे टग्या, आत्या आली होती ना? काय आणलं आत्यानं? काहीच नाही? नुसती नाव ठेवून गेली? अशी कशी रे तुझी आत्या!" आत्या त्या वेळी हॉलमध्ये चहा पीत बसलेली असते. दुसऱ्या दिवशी ती सोन्याचे मणी घेऊन येते. मावशी मग काकाकडे वळतात. बाळाला यातला शब्द कळत नाही, पण आवाज कळतो, तोच आवाज, त्याच पट्टीत, रोज. तो चालू असेपर्यंत सगळं ठीक आहे अशी त्याची खात्री असते. मावशींनी श्वास घेतला रे घेतला की ते ओठ काढतं.

बाळ रडलं तर मावशी म्हणतात, "रडू द्या, फुप्फुसं मोकळी होतात." हे मला पटत नाही. मूल रडतं ते बहुतेक वेळा गार लागतं म्हणून नाहीतर भूक लागली म्हणून. पंखा बंद, खिडकी बंद, टॉवेल आधीच पसरून ठेवलेला, आणि दूध पाजून अर्धा-पाऊण तास झालेला, एवढं जमलं तर निम्मं रडणं कमी होतं. उरलेलं निम्मं मावशींच्या हाताच्या जोरावर असतं. काहींचा हात भाकरी थापायचा असतो, काहींचा लोण्याचा. ओळखीच्या घरी विचारून घ्यावं.

मावशींचा खरा अभिमान मात्र न्हाऊ घालण्यात नसतो. त्या स्वतःला घडवणाऱ्या समजतात. नाक त्या रोज दोन बोटांच्या चिमटीत धरून वर काढतात. डोकं तळव्यांत घेऊन गोल करतात. टाळूवर तेलाचा हात ठेवून टाळू भरतात. अंगावरची लव डाळीच्या पिठाने आणि कणकेच्या गोळ्याने काढतात. आता, लव काही आठवड्यांत आपली आपण झडते. जन्माच्या वेळी चेपलेलं डोकं बहुधा आपलं आपण सावरतं. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, तेल लावा किंवा नका लावू. नाक आजोबांवर जातं. पण ही सगळी कामं निसर्ग नेमकी मावशींच्या कारकिर्दीत करतो आणि श्रेय घ्यायला स्वतः येत नाही. मावशी येतात. "आली तेव्हा डोकं कसं होतं, आठवतंय का? आता बघा." आजी मान डोलावते. आणि ज्यांचं नाक बसकंच राहिलं त्यांचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "त्यांच्या आईनं सव्वा महिन्यातच मला बंद केलं."

मावशींचा एकमेव प्रतिस्पर्धी म्हणजे डॉक्टर. दोघांची गाठ कधी पडत नाही. लढाई आईच्या मध्यस्थीने चालते. "मावशी, डॉक्टर म्हणाले, नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं." "पुसून काय होतंय? फरशीये का ती?" "डॉक्टर म्हणाले, जन्मल्यावर पहिले चोवीस तास आंघोळच नको." हे सांगणं जागतिक आरोग्य संघटनेचं आहे, तिने २०२२ च्या मार्गदर्शनातही ते कायम ठेवलंय, बाळ गार पडू नये आणि त्याला आईजवळ राहू द्यावं, हा त्यामागचा हेतू. मावशींना जागतिक आरोग्य संघटना म्हणजे कुठली हे ठाऊक नसतं, पण "तिथं किती बाळं न्हायलीयेत आजवर?" असा त्यांचा रास्त सवाल असतो.

कधी कधी डॉक्टर मावशींच्या बाजूने निघतात. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेलाच्या मालिशचा अभ्यास केला होता. तो २००५ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात छापून आला. खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन इतरांपेक्षा चांगलं वाढल्याचं त्यांना आढळलं. बाबाने हे मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं तर मावशी एवढंच म्हणतात, "त्यांना आत्ता कळलं होय?"

पण काही बाबतीत डॉक्टरांचंच ऐकावं लागतं आणि तिथे खरी कसरत असते. कानात तेल नको, नाकात तर मुळीच नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. नवजात बाळाची छाती कधी कधी फुगलेली दिसते, आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे. ती पिळायची नाही, पिकते. डोळ्यांत काजळ नको. बाळाला पाय धरून उलटं लोंबकळवायचं नाही. शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची नाही, तो धूर कोवळ्या छातीला सोसत नाही. बंद फ्लॅटमध्ये तर एकदा धुरी दिली की खालून वॉचमन वर येतो. हे सगळं सांगितलं की मावशी म्हणतात, "बरं."

या 'बरं'वर विसंबून राहिलेली कित्येक घरं मी बघितली आहेत. आई पाणी प्यायला वळते तेवढ्यात कानात थेंब गेलेला असतो. म्हणून बाबाची नेमणूक होते. तो बाथरूमच्या दारात स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन पहाऱ्याला बसतो. मावशींना पहारेकरी रिकामा बसलेला आवडत नाही. "दादा, तो मग द्या." "दादा, गार पाणी सोडा जरासं." "दादा, धरा मान. अशी नाही, तळवा पसरून." आठवड्याभरात दादांचा लॅपटॉप हॉलमध्ये असतो आणि दादा गुडघ्यापर्यंत पँट दुमडून पाणी ओतत असतात. मावशींनी आपल्याला कामाला लावलंय हे त्याच्या लक्षातही येत नाही. कानात तेल घालायचं मात्र त्यामुळे खरोखर थांबतं, कारण दोघांचे चारी हात गुंतलेले असतात.

न्हाणं झालं की बाळाला धोतराच्या तुकड्यात टिपायचं, मांडीच्या आणि मानेच्या वळ्यांतलं पाणी खास टिपायचं. मग झबलं, टोपडं, दुपट्यात घट्ट गाठोडं. पावडरचा ढग मावशींना प्रिय असतो. तो टाळावा, ती नाकात जाते. काजळाचा हट्ट असेल तर तीट तळपायाला लावून भागवावी. आजी मीठमोहरीने दृष्ट काढते, बहुतेक मावशींचीच काढत असावी. बाळ दूध पितं आणि पितापिताच झोपतं. दोन तास, कधी तीन. या दोन तासांत आई केस धुते, आजी गरम पोळी खाते, बाबा मीटिंगमध्ये माइक चालू करतो. आंघोळीतला पालकांचा आनंद म्हणतात तो हाच. त्यासाठी घरातली माणसं मावशींचं काहीही ऐकून घेतात.

कसोटी लागते ती मावशी चार दिवस भाचीच्या लग्नाला जातात तेव्हा. "तुमचं तुम्ही करा, जमतंय आता," असं सांगून त्या निघून जातात. पहिल्या दिवशी तीन मोठी माणसं आणि एक बाळ बाथरूममध्ये. आई पाटावर, आजी दारात, बाबा मगासकट. आईच्या पायांवर बाळ ठेवल्यावर दोघीही घाबरतात. तेव्हा उघड होतं की आजीने स्वतः कधी मूल न्हाऊ घातलेलंच नाही. तिच्याही वेळी मावशी होत्याच. (अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आज्यांचं बिंग असंच फुटतं. सहाण, गुटीचं साहित्य आणि डाळीचं पीठ सगळं बॅगेतून नेलेलं असतं. तिथल्या स्वयंपाकघरातल्या सिंकसमोर उभं राहिल्यावर कळतं की आपण आजवर फक्त टॉवेल धरलाय. मग इथल्या मावशींना व्हिडिओ कॉल. इथे रात्र असते, मावशी झोपेतून उठून सांगतात, "मान धरा, मान.")

बाळ रडायला लागतं. कुणाच्या तरी लक्षात येतं की बोलत कुणीच नाही. आई बाबाकडे बघते. बाबा घसा खाकरतो आणि त्याला येणाऱ्या एकमेव भाषेत सुरू करतो: "हां, तर आता आपण पाय घेतोय. पाय झाले की पोटाकडे येऊ. पाठीचा विषय नंतर घेऊ. काही शंका असतील तर शेवटी विचारा." बाळ थांबतं. टक लावून त्याच्याकडे बघतं. पाणी पाठीवर येतं तरी रडत नाही. चौथ्या दिवशी तर ते हसतं, आणि बाबाच्या सगळ्या पगारवाढींपेक्षा त्याला ते मोठं वाटतं. मावशी परत येतात, बाळाची मान वळवून बघतात, कानामागे बोट फिरवतात आणि म्हणतात, "मळ राहिलाय."

सव्वा महिन्याला मावशींना साडी, खण, नारळ द्यायची पद्धत आहे. साडी त्या तिथल्या तिथे उघडून बघतात आणि रंगावरून स्पष्ट मत देतात. हक्काने देतात, आणि तो त्यांना आहे. रोज चार-पाच घरी, ओल्या फरशीवर, पाय लांब करून बसायचं आणि उठायचं; स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळायला त्यांना दुपारशिवाय वेळ नसतो, आणि दुपारी झोप लागते. दवाखान्यात बिल मिळतं, टबाला वॉरंटी मिळते. मावशींना यातलं काही नसतं. आजारी पडल्या तर त्या दिवसाचे पैसे गेले.

तेव्हा तुमच्या घरी सातवा महिना लागला असेल तर ओळखीच्यांना विचारून मावशी आत्ताच ठरवा, नवव्या महिन्यात चांगला हात रिकामा मिळत नाही. नखं कापलेली हवीत, न्हाऊ घालताना बांगड्या काढायच्या, कानात-नाकात तेल घालायचं नाही, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात देऊन सांगा. नंतर सांगितलं तर अपमान होतो. बाळाच्या बाबाला रोज दारात बसवा. आणि मावशी भाचीच्या लग्नाला गेल्या तर त्या चार दिवसांचे पैसे कापू नका.